श्रवणयंत्राची जोडी: एका टेलिफोन ऑपरेटरचं परीक्षण

काय घेतलं ते आधी सांगते. कानामागे बसणारी, रिचार्ज होणारी श्रवणयंत्रांची जोडी. ‘आरआयसी’ प्रकारची, म्हणजे माइक आणि बॅटरी कानामागे आणि आवाज सोडणारा रिसीव्हर बारीक वायरीच्या टोकाला, थेट कानाच्या नळीत. मधल्या दर्जाची. सगळ्यात वरचं मॉडेलही लावून पाहिलं होतं, ते का घेतलं नाही ते पुढे येईल. बरेच महिने रोज दिवसभर वापरल्यावर हे लिहिते आहे.

कंपनीचं नाव देत नाही. मग परीक्षण कसलं, असं कुणी म्हणेल. पण जगातली बहुतेक श्रवणयंत्रं मोजक्या पाच मोठ्या कंपन्यांच्या घरातून येतात. त्यांच्या एका वर्गातल्या यंत्रांत एकमेकांत जेवढा फरक असेल, त्याहून मोठा फरक एकच यंत्र दोन माणसांनी वापरणाऱ्याच्या कानाला जुळवून दिलं तर पडतो. माझ्या बाबतीत अगदी हेच झालं आणि या लिखाणाचा बराच भाग त्यावरच जाणार आहे.

आईवडिलांचं ‘कानाचं मशीन’ कपाटात धूळ खात पडलेलं ज्यांनी पाहिलं आणि तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं की असलं काही आपण लावायचं नाही, त्यांच्यासाठी मुख्यतः हे आहे. मीही त्याच घरातली.

मी नोकरीभर टेलिफोन ऑपरेटर होते. आधी ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडायच्या जागी, बोर्ड गेल्यावर चौकशी विभागात. घाईतलं, रडवेलं, खरखरीतून येणारं बोलणं ऐकून पहिल्या झटक्यात नाव आणि नंबर टिपायचा, हे माझं काम. त्यामुळे आवाजाच्या बाबतीत मी कटकटं गिऱ्हाईक आहे.

ऑडिओग्राम म्हणजे कुठल्या सुराला (हर्ट्झ) किती मोठा आवाज (डेसिबल) दिल्यावर ऐकू येतं याचा आलेख; डेसिबलचा आकडा मोठा तेवढं ऐकणं कमी. माझा असा: ५०० हर्ट्झला १५ डेसिबल, १००० ला २०, २००० ला ३५, ४००० ला ५५ आणि ८००० ला ६५. दोन्ही कान जवळपास सारखे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने पहिल्या चार आकड्यांची सरासरी काढली की ३१ येते, आणि २० ते ३५ म्हणजे ‘सौम्य’. या सरासरीत माझं खरं दुखणं दडून बसतं. खालचे सूर धडधाकट, वरचे घसरलेले. आवाज येतो, शब्द लागत नाही. स, श, फ, ख, थ यांच्यातला जो फुंकरीचा भाग आहे तो वरच्या पट्टीत असतो आणि स्वर खालच्या पट्टीत. त्यामुळे ‘साठ’मधला स गळाला की ‘आठ’ उरतो, आणि समोरचा म्हणतो की मी तर स्पष्ट बोललो. वयाबरोबर ऐकणं असंच उतरतं. अंतर्कर्णातल्या शंखासारख्या नळीच्या तोंडाशी उंच सूर टिपणाऱ्या केसपेशी असतात, त्या आधी झिजतात, आणि माणसात त्या परत उगवत नाहीत.

आता माझ्या धंद्यातली गंमत. जुन्या टेलिफोन लाइनवरून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. त्याच्या वरचं काही पोचतच नाही. म्हणून तर आम्ही नावं अक्षर अक्षर फोडून विचारायचो. स की फ हे लाइनवर तरुण कानालाही नीट लागत नाही. माझी मोठी घट नेमकी या पट्टीच्या वर आहे. साहजिकच फोनवरचं मला पूर्वीसारखं ऐकू यायचं आणि समोरासमोर बसलेली माणसं मात्र पुटपुटल्यासारखी वाटायची. माझ्या वयाची कितीतरी माणसं हाच पुरावा पुढे करतात: ‘फोनवर मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता.’ हा पुरावा बाद समजा. जे फोनमध्ये नसतंच ते तुमच्या कानातून गेलंय, हे फोन कसं दाखवणार?

बाबांचं मशीन वेगळंच होतं. सदऱ्याच्या खिशात एक पेटी, तिच्यातून वर गेलेली वायर आणि टोकाला कानाच्या मापाचा घट्ट साचा. ती पेटी सरसकट सगळंच मोठं करायची. लाइनचा आवाज वाढवला की खरखरही वाढते, हे आम्ही ऑपरेटर पहिल्याच आठवड्यात शिकतो. त्या पेटीचं सगळं शास्त्र तेवढंच होतं. सदरा तिच्यावर घासला की खसखस थेट कानात. साचा जरा सैल बसला की शिट्टी. पाहुणे यायचे म्हणून बाबा ते लावायचे आणि पाहुणे टेकतायत तोवर काढून ठेवायचे.

त्यांच्या कानांना त्या काळी मिळण्यासारखं दुसरं काही फारसं नव्हतंही. बाबा कापड गिरणीत मागावर होते. चालू मागांच्या खात्यात आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. आज तज्ज्ञ जो हिशेब धरतात त्यात ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. शंभराला किती उरली? पंधरा मिनिटं. बाबा पूर्ण पाळी करायचे, वर्षानुवर्षं, कानात फार तर कापसाचा बोळा. खात्यात बोलणं ऐकूच येत नसल्यामुळे सगळे एकमेकांचे ओठ वाचायचे. निवृत्तीनंतर बाबांना हीच विद्या पुरली. मशीनने त्यांची तेवढी सेवा कधीच केली नाही.

त्यांचा सत्तरीतला ऑडिओग्राम घरात आहे. १००० हर्ट्झलाच ६० डेसिबल आणि तिथून पुढे खाली. आज मी त्याच वयाची आहे आणि १००० ला माझे २० आहेत.

गिरणीतला पुरुष आणि टेलिफोनवरची बाई ही जोडी तुलनेला योग्य नाही, हे मलाही दिसतं. म्हणून धाकट्या भावाचं घ्या. तो यंत्रमागावरच होता, पण त्याच्या कारखान्यात इअरमफ लावल्याशिवाय खात्यात शिरता येत नसे. त्याच्या आलेखात ४००० हर्ट्झला खड्डा आहे, आवाजाने कान खाल्ले की पहिल्यांदा तिथेच पडतो तसा. बाकी रेघ बाबांच्या रेघेच्या पुष्कळ वर. आईशी तुलना करायला मला आवडलं असतं. पण आईचा ऑडिओग्राम कुणी काढलाच नाही. बाबांना ऐकू येत नव्हतं म्हणून घर ओरडत होतं. आई हळूहळू बोलायची कमी झाली आणि सगळ्यांना वाटलं, वय झालं, शांत झाली.

एका घरावरून पिढीचं सांगणं बरोबर नाही, पण हे मोजलेलंही आहे. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग शहरात १९७१ पासून सत्तर वर्षांच्या माणसांच्या तुकड्या तपासत आले आहेत. १९०१-०२ साली जन्मलेले सत्तरीला आले तेव्हा त्यांच्यातल्या ५३ टक्के पुरुषांना ऐकू कमी येत होतं. १९४४ साली जन्मलेले सत्तरीला आले तेव्हा हा आकडा २८ वर आला होता. बायकांमध्ये ३७ वरून २३. सगळ्यात मोठी सुधारणा पुरुषांच्या उंच सुरांत, म्हणजे गिरण्या-कारखाने जिथे घाव घालतात तिथे. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम गावच्या अभ्यासात १९०२ ते १९६२ या काळात जन्मलेली माणसं होती, आणि जन्म पाच वर्षांनी पुढे सरकला की त्याच वयाला ऐकण्यात दोष सापडण्याची शक्यता पुरुषांत १३ टक्क्यांनी आणि बायकांत ६ टक्क्यांनी कमी होत गेलेली दिसली. नॉर्वेतही वीस वर्षांच्या अंतराने तोच प्रदेश पुन्हा तपासला, तिथेही नंतरच्यांचे कान बरे निघाले.

कारणं एकाहून जास्त सांगितली जातात. गोंगाटाच्या कामावर जाणारे कमी झाले, जे गेले त्यांना मफ मिळाले. लहानपणी कान फुटला की प्रतिजैविकं मिळू लागली, गोवर-गालगुंडाच्या लशी आल्या, धूम्रपान घटलं, रक्तदाबाची औषधं आली. कानाच्या आतल्या त्या पेशींना रक्तपुरवठा लागतो, तो चांगला राहिला तर त्याही टिकतात. यातलं कुठलं किती पदरात पडलं हे वेगळं काढणं अवघड आहे आणि माझ्या परीक्षणाला त्याची गरजही नाही. मला एवढंच हवं आहे: आजच्या सत्तरीतला कान हा बाबांच्या सत्तरीतला कान नाही. तो उशिरा उतरतो, कमी उतरतो आणि बहुतेक वेळा फक्त वरून उतरतो. अशा कानाला लागणारं यंत्रही निराळं असणार.

या सुधारणेचा एक तोटाही आहे. बाबांचं बहिरेपण लपण्यासारखं नव्हतं. माझं अर्धवट आहे, म्हणून ते वर्षानुवर्षं ‘लोक हल्ली नीट बोलत नाहीत’ या सदरात खपून जातं.

आता यंत्र.

कानावर ते जाणवत नाही. चष्म्याची काडी आणि यंत्र दोन्ही कानामागे मावतात. मास्क मात्र काढताना वैरी आहे, त्याच्या नाडीने यंत्र उडून पडतं. कानात जातो तो मऊ सिलिकॉनचा छोटा टोपीवजा तुकडा, त्याला डोम म्हणतात. माझा उघडा डोम आहे, म्हणजे त्याला भोकं आहेत. खालचे सूर माझे मला ऐकू येतात ते त्या भोकांतून आपसूक आत येतात आणि यंत्र फक्त वरचे सूर भरून देतं. बाबांच्या साच्याने कान बुचासारखा बंद व्हायचा आणि स्वतःचंच बोलणं डोक्यात घुमायचं. उघड्या डोममध्ये हे होत नाही. पिढीतला फरक मला या चार भोकांत सापडला. खालचे सूर शाबूत असतील तरच ही सोय मिळते. बाबांना आजही बंद डोम किंवा साचाच लागला असता.

उघड्या डोमची किंमतही मोजावी लागते. ब्लूटूथवरून फोन किंवा गाणं थेट कानात घेता येतं, पण ठेका आणि खर्जातला आवाज त्याच भोकांतून बाहेर निघून जातो. गाणं पातळ लागतं. बोलणं स्वच्छ येतं. ज्यांना यंत्रावरच संगीत ऐकायचं आहे त्यांनी हे आधी ऐकून पाहावं, नंतर वाद घालू नये.

पहिल्या काही दिवसांत वैताग येतो, हे विकणारे पुरेसं सांगत नाहीत. नळाचं पाणी कडकडतं. वर्तमानपत्राचं पान उलटलं की दचकायला होतं. माझी स्वतःची पावलं मला ऐकू आली आणि मागून कुणी येतंय म्हणून मी वळून पाहिलं. घड्याळ. फ्रिज. पिशव्या, विशेषतः पिशव्या. हे आवाज नवे नसतात, ते आधीपासून होतेच. मेंदूने बरीच वर्षं त्यांची हजेरी घेणं सोडलं होतं. काही आठवड्यांत तो त्यांना पुन्हा मागे ढकलायला शिकतो, पण यंत्र रोज आणि दिवसभर कानात असेल तरच. फक्त लग्नकार्याला किंवा पाहुण्यांसमोर लावणाऱ्यांना दर वेळी पहिला दिवसच भोगावा लागतो. बाबांचं हेच झालं होतं.

आणि मग स परत आला. मोठा झाला असं नाही, धारदार झाला. नात फोडलेल्या अक्षरांत बोलत नाही, भरभर बोलते, आणि तिच्या वाक्यांची टोकं मला पुन्हा लागू लागली. मी ऑपरेटर असताना एखादी लाइन साफ झाली की मान आपोआप सरळ व्हायची, तशी झाली.

आता ज्यावर मी सगळ्यात जास्त चिडले तो भाग. जुळवणी.

पहिल्यांदा ज्या केंद्रात गेले तिथे तपासणी फुकट होती. तपासणी झाली, ऑडिओग्राम संगणकात गेला, तिथल्या तरुणाने एक बटण दाबलं आणि म्हणाला, ‘झालं काकू, सत्तरीच्या पेशंटला आम्ही हेच सेटिंग देतो.’ मी विचारलं, कुठल्या सत्तरीच्या? त्याला प्रश्न कळला नाही. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक तयार जुळवणी असते, नवख्या माणसाने पहिल्याच दिवशी कंटाळून यंत्र परत करू नये म्हणून ती बऱ्याचदा वरच्या सुरांना हात आखडता घेते. म्हणजे मला जे हवं होतं तेच कमी दिलेलं. सगळं जरा जवळ आल्यासारखं वाटलं, पण ‘साठ’ आणि ‘आठ’ यांतला घोळ तसाच. याच अवस्थेत मी थांबले असते तर या यंत्राला दोन तारे दिले असते.

मग दुसऱ्या एका ऑडिओलॉजिस्ट (ऐकणं तपासून यंत्र जुळवणाऱ्या) बाईंकडे गेले, तेच यंत्र घेऊन. त्यांनी आधी कानातला मळ पाहिला, मग केसासारखी बारीक मऊ नळी कानाच्या नळीत पडद्याच्या जवळपर्यंत सरकवली, वर यंत्र लावलं आणि समोरच्या स्पीकरवर बोलण्याचा आवाज सोडला. पडद्यापाशी खरोखर किती आवाज पोचतो हे त्या नळीतून मोजलं जातं. याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. संगणकाच्या पडद्यावर दोन रेघा दिसत होत्या: माझ्या ऑडिओग्रामला किती आवाज मिळायला हवा याची एक, आणि प्रत्यक्षात मिळत होता त्याची दुसरी. हवा त्याची रेघ एका सूत्रावरून येते. ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं ‘एनएएल-एनएल२’ त्यात बरंच वापरलं जातं. २००० हर्ट्झच्या पुढे माझी दुसरी रेघ पहिलीच्या बरीच खाली लोंबत होती. बाईंनी ती वर ओढली. त्यांना सांगितलं की फार कर्कश लागतंय, तेव्हा त्यांनी थोडी खाली घेतली आणि म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी परत वर नेऊ.’ नेली. मला पटलेली सेवा ती हीच. बोलणं थोडं, मोजणं फार.

प्रत्येक माणसाच्या कानाच्या नळीची लांबी, रुंदी, वळण वेगळं असतं. तेच यंत्र, तेच सेटिंग, पण दोन कानांच्या पडद्यांवर दोन वेगळे आवाज. नळी घालून न मोजता जुळवणी करणं म्हणजे समोरून उत्तर येतंय की नाही हे न ऐकताच कॉल जोडून मोकळं होणं. आमच्याकडे असं करणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी मेमो मिळायचा.

वरच्या दर्जाचं मॉडेल याच बाईंकडे लावून पाहिलं. त्यात गोंगाट ओळखून आपोआप बदलणारी जास्त सेटिंगं आहेत, जास्त चॅनेल (वेगवेगळे जुळवता येणारे सुरांचे पट्टे) आहेत. रोज सभा-संमेलनांत असणाऱ्याला फरक पडत असेल. माझ्या दिवसाला पडला नाही.

गोंगाटाबद्दल स्पष्ट लिहिते, कारण जाहिरातींत याच ठिकाणी सगळ्यात जास्त हसरे चेहरे असतात. चारचौघांत, एका खोलीत, यंत्र उत्तम. मोठ्या दालनात, सगळे एकदम बोलताना, मधे भांड्यांचा खणखणाट: मदत होते, पण तरुणपणचा कान परत मिळत नाही. समोरच्या दिशेचा आवाज उचलणारे दोन माइक बोलणं आणि गोंगाट यांत थोड्या डेसिबलचा फरक पाडून देतात. अंतर मात्र कुणालाच हरवता येत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. म्हणून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून यंत्राला दोष देणाऱ्यांनी आधी खुर्ची बदलावी. सोबत बोलणाऱ्याच्या कॉलरला लावायचा छोटा माइक वेगळा घेता येतो, तो आवाज थेट यंत्रात पाठवतो. तो मी उसना आणून वापरला. गाडीत मागच्या सीटवरून आणि व्याख्यानात त्याने जे काम केलं ते वरच्या मॉडेलनेही केलं नव्हतं. जास्तीचे पैसे खर्च करायचेच असतील तर इथे करा.

देखभाल फारशी नाही. रात्री डबीत ठेवायचं, सकाळी भरलेलं. माझ्याकडे ते झोपेपर्यंत पुरतं. आत कायमची बसवलेली बॅटरी काही वर्षांत थकते आणि ती बदलायला यंत्र पाठवावं लागतं, हे विकत घेतानाच विचारा. ज्यांना हे नको त्यांच्यासाठी अजून झिंक-एअरच्या गोल सेलवर चालणारी यंत्रं आहेत. त्या सेलवरची पट्टी काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची असते. यंत्र अचानक मेलं तर घाबरायचं नाही, दहातल्या बहुतेक वेळा रिसीव्हरच्या तोंडावरची मळाची जाळी तुंबलेली असते. ती बदलायला चिमटीएवढी काडी मिळते. बोटं थरथरणाऱ्या माणसाला हे एकट्याने जमणार नाही, आणि कंपन्यांना हे अजून सुचलेलं नाही याचं मला नवल वाटतं. ग्राहक कोण आहेत याची त्यांना कल्पना नसावी. यंत्र चालवायच्या फोनवरच्या ॲपचंही तेच. आवाज कमी-जास्त करायच्या दोन खुणांपर्यंत पोचायला तीन पानं उलटावी लागतात.

माहितीपत्रकातली एक गोष्ट मला खटकली. पहिल्याच पानावर ‘स्मृतिभ्रंश टाळा’. २०२३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ‘अचीव्ह’ चाचणीत ७० ते ८४ वयाची ९७७ माणसं होती आणि तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा यंत्र घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत बुद्धीच्या उतरणीचा फरक दिसला नाही. ज्यांना मुळातच धोका जास्त होता त्या गटात मात्र उतरणीचा वेग ४८ टक्क्यांनी कमी निघाला. ही महत्त्वाची आणि आशेची गोष्ट आहे. पण प्रत्येक गिऱ्हाइकाला घाबरवण्याचा परवाना तिच्यातून मिळत नाही. मी यंत्र घेतलं ते नातीचं बोलणं कळावं म्हणून, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

नातीचा विषय निघालाच आहे. तिच्या कानात सदा इअरबड. घरात सगळे तिला बजावतात की आजीच्या आधी तुलाच मशीन लागणार. मी यात सामील होत नाही. बीव्हर डॅमच्या अभ्यासातली सगळ्यात अलीकडची माणसंही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेली. त्यांच्या तारुण्यात कानात घालायचं एवढं काही नव्हतं. नातीच्या पिढीचा आकडा ती म्हातारी झाल्यावर लागेल. तोवर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा हाताशी आहे: मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास, मुलांसाठी ७५ डेसिबलवर ४० तास. तिच्या फोनमध्ये आठवड्याचा हिशेब दिसतो. तो मी बघायला मागते, ती दाखवते, आणि आकडा बरा असला की मी गप्प बसते. गंमत म्हणजे तेच इअरबड आता आमच्या बाजूलाही आले आहेत. २०२४ साली अमेरिकेत औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीएने ॲपलच्या एअरपॉड्स प्रो २ साठीच्या श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरला मान्यता दिली, सौम्य ते मध्यम घट असलेल्या प्रौढांसाठी. ज्यांना कानामागचं यंत्र दिसण्याचीच लाज आहे त्यांना ही वाट सोपी वाटेल. मला दिवसभर कान बंद ठेवणं जमणार नाही.

आणखी एक आकडा, कारण ‘कान सुधारले तर मशीनवाले एवढे कसे वाढले’ असं भावाने विचारलं. दर सत्तरीतल्या माणसामागे कान सुधारले, पण सत्तरीपर्यंत पोचणारी माणसंच इतकी वाढली आहेत की २०५० पर्यंत जगात जवळपास अडीचशे कोटी लोकांना कमी-अधिक प्रमाणात ऐकू कमी येईल आणि त्यांतल्या किमान ७० कोटींना मदत लागेल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अंदाज आहे.

यंत्राला चार तारे. पाचवा ॲपमुळे आणि त्या चिमटीएवढ्या काडीमुळे गेला. पहिल्या केंद्राच्या जुळवणीला एक, दुसऱ्या बाईंच्या जुळवणीला पाच. घेताना परत करायची मुदत लेखी घ्या आणि ती निदान काही आठवड्यांची असू द्या, कारण पहिल्या दिवसांवरून काही कळत नाही. एका कानात अचानक ऐकू येईनासं झालं, कान वाहतो, चक्कर येते किंवा एकाच कानात सतत आवाज होतो, तर यंत्राच्या दुकानात जाऊ नका, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

भावाने परवा माझं यंत्र कानाला लावून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. करणारच. त्याचा खड्डा ४००० ला आहे, माझ्या रेघेवर जुळवलेलं यंत्र त्याला किंचाळल्यासारखं लागणार. दुसऱ्याच्या कानाचं यंत्र लावून कुणीही मत बनवू नये. त्याला त्या बाईंचा नंबर दिला आहे, आणि पुढच्या आठवड्यात त्याची वेळ आहे.